धाकट्याचा शब्द थोरल्यापर्यंत

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई ओळखलं जातं ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. तिथल्या एखाद्या मुलीने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन वैमानिक व्हायचं ठरवलं, तर तिला धुळे, बारामती किंवा गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर चालणाऱ्या प्रशिक्षणाची वाट धरावी लागेल. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले सुरुवातीचे बरेच तास ती छोट्या विमानात डावीकडच्या खुर्चीत बसेल आणि तिचे प्रशिक्षक उजवीकडच्या खुर्चीत, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. तरीही इंजिन सुरू झालं की एकाचं बोलणं दुसऱ्याला नीट ऐकू येत नाही. मग जे काही बोलायचं ते डोक्यावरच्या हेडसेटमधून आणि दोन्ही हेडसेट जोडणाऱ्या इंटरकॉममधून. विमानाबद्दल लिहिताना आपण इंजिन, पंख, हवामान, रेडिओ यांवर भरभरून लिहितो. इंटरकॉमचा उल्लेख झालाच तर एक सोयीची वस्तू म्हणून होतो. मला हे पटत नाही. छोट्या विमानातला इंटरकॉम हे सुरक्षेचं उपकरण आहे, आणि थोरल्याचा हुकूम धाकट्यापर्यंत पोचवणं हे त्याचं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं, अधिक महत्त्वाचं आणि अधिक दुर्लक्षित काम म्हणजे धाकट्याचा शब्द थोरल्यापर्यंत वेळेत आणि स्पष्ट पोचवणं. तो कसा बनवला, कसा लावला आणि कसा वापरायला शिकवला, हे सगळं याच कसोटीवर तपासायला हवं.

आधी आवाजाची गोष्ट समजून घेऊ. सेसना १७२ हे चार आसनी विमान १९५६ पासून आजवर ४४,०००हून जास्त संख्येने बनलं आहे. जगातलं दुसरं कोणतंही विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. अशा विमानाच्या कॉकपिटमध्ये उडताना साधारण ८५ ते ९५ डेसिबल आवाज असतो. दोन माणसांचं नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे धरलेली मर्यादा ९० डेसिबल आहे. सोयाबीनच्या मळणी यंत्राशेजारी ज्याने काम केलं आहे त्याला हे आकडे सांगावे लागणार नाहीत. तिथे माणसं हातवाऱ्यांनी बोलतात आणि ओरडून सांगितलेलंही दोनदा विचारून घेतात. विमानातल्या आवाजाची जातही बघण्यासारखी आहे. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे झाले. पंख्याला दोन पाती, म्हणजे सेकंदाला ८० वेळा हवेवर थाप. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेगाला सेकंदाला स्फोटही ८०च होतात. दोन्ही मिळून एक खर्जातला घुमारा तयार होतो. आपल्या बोलण्यातले स्वर जोरकस असतात, पण स, श, त, क, प ही व्यंजनं एकमेकांपासून वेगळी कळतात ती २००० हर्ट्झच्या वरच्या, मुळातच क्षीण असलेल्या आवाजांमुळे. खर्जातला आवाज पुरेसा मोठा झाला की कानात तो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. म्हणून ऐकणाऱ्याला वाक्याचा सूर कळतो, कुणीतरी काहीतरी सांगतंय हे कळतं, पण काय सांगितलं ते निसटतं. ओरडून भागत नाही, कारण ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या प्रमाणात मोठी होत नाहीत. अर्धवट ऐकलेलं वाक्य माणूस स्वतःच्या अपेक्षेने पुरं करतो. अनुभवी प्रशिक्षकाची अपेक्षा ठाम असते, त्यामुळे विद्यार्थ्याचं अर्धवट ऐकलेलं वाक्य तोही स्वतःच्याच मनाप्रमाणे पुरं करण्याचा धोका जास्त.

या अडचणीवरचा पहिला उपाय रबराच्या नळीचा होता. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने लष्करी उड्डाणशाळा चालवताना शिकवण्याची पद्धतच बदलली. विद्यार्थ्याला धोकादायक हालचालींपासून लांब ठेवण्याऐवजी त्या हालचाली मुद्दाम करवून घ्यायच्या आणि त्यातून विमान सावरायला शिकवायचं, असा त्याचा आग्रह होता. हे करायचं तर हवेत असतानाच बोलता आलं पाहिजे. म्हणून एका टोकाला तोंडासमोर धरायचं नरसाळं आणि दुसऱ्या टोकाला कानटोपीत शिरणाऱ्या नळ्या, अशी व्यवस्था आली. तिला गॉस्पोर्ट नळी म्हणत. वीज नाही, तार नाही, फक्त हवेचा स्तंभ. आपल्याकडे १९२८ मध्ये जुहूचा विमानतळ सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथल्या क्लबात उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळच्या क्लबांत डी हॅविलंड मॉथ जातीची, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठकांची विमानं असत आणि त्यांच्यात संभाषणाचं साधन ही नळीच असे. या नळीचा एक तपशील मला फार बोलका वाटतो. अमेरिकन नौदलाच्या प्रशिक्षण विमानांत ती अगदी दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुधा एकतर्फीच असे. प्रशिक्षक बोलायचा, विद्यार्थी ऐकायचा, आणि समजलं तर मान डोलवायचा. ती मान प्रशिक्षकाला आरशात दिसे. यात अडचण उघड आहे. न समजलेला विद्यार्थीसुद्धा मान डोलवतो. 'नीट कळलं नाही', 'डावीकडून दुसरं विमान येतंय', 'तेलाचा दाब उतरतोय' यांपैकी एकही वाक्य मान डोलवून सांगता येत नाही. युद्धानंतरच्या छोट्या नागरी विमानांत हातात धरायचा मायक्रोफोन आणि छतातला स्पीकर आला, पण तो रेडिओसाठी. आत मात्र दोघं ओरडूनच बोलत. आवाज अडवणारे हेडसेट छोट्या विमानांत सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आले, आणि त्यांच्या पाठोपाठ दोन्ही बाजूंनी सारखंच बोलता येईल असा विजेवरचा इंटरकॉम रुळला. खरी प्रगती विद्यार्थ्याला उत्तर देता येऊ लागलं ही आहे. आवाज स्वच्छ झाला, हे त्या मानाने दुय्यम.

आता हे यंत्र जवळून पाहू. हेडसेटच्या वायरीच्या टोकाला दोन पिना असतात, एक जाड आणि एक थोडी बारीक. जाड पीन कानांची, बारीक पीन मायक्रोफोनची. जाडी वेगळी ठेवली आहे ती अदलाबदल होऊ नये म्हणून. मायक्रोफोन एका वाकणाऱ्या दांडीवर असतो आणि त्यावर स्पंजची छोटी टोपी असते. हा मायक्रोफोन दोन्ही बाजूंनी उघडा असतो. लांबून येणारा इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच शिरतो आणि आपोआप कटतो. ओठांचा आवाज एकाच बाजूने जोरात शिरतो आणि उरतो. ही युक्ती चालण्यासाठी मायक्रोफोन ओठांच्या कडेला, जवळजवळ टेकलेला हवा आणि त्याची बोलायची बाजू तोंडाकडे हवी. दोन बोटं लांब सरकला की तो इंजिन ऐकू लागतो. कानावरच्या गादीखालून चष्म्याची जाड काडी गेली असेल तर तिथे फट पडते आणि खर्ज आत येतो. नवख्या विद्यार्थ्याला या गोष्टी कुणी बसून दाखवत नाही. हेडसेट हातात देतात आणि 'घाल' म्हणतात. शिकायला आलेल्याकडे बहुधा उधारीचा, सैल झालेला हेडसेट असतो, प्रशिक्षकाकडे स्वतःचा, चांगला. म्हणजे ज्याचा आवाज आधीच दबका, त्याचंच साधन कमकुवत.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. मायक्रोफोन सतत चालू ठेवले तर प्रत्येक मायक्रोफोनमधून थोडाथोडा इंजिनाचा आवाज सगळ्यांच्या कानांत येतो. चार मायक्रोफोन उघडे असतील तर एकाच्या मानाने हा गोंगाट ६ डेसिबलने वाढतो. म्हणून इंटरकॉममध्ये एक उंबरठा ठेवलेला असतो, त्याला स्क्वेल्च म्हणतात. एका ठरावीक पातळीपेक्षा मोठा आवाज आला की मायक्रोफोन उघडायचा, नाहीतर बंद ठेवायचा. ही पातळी जुन्या इंटरकॉममध्ये एका बटणाने हाताने लावावी लागते. नव्यांमध्ये बऱ्याचदा प्रत्येक मायक्रोफोनसाठी ती आपोआप लागते. हाताने लावताना नेमकं काय होतं ते पाहा. जमिनीवर इंजिन मंद चालू असताना प्रशिक्षक बटण फिरवतो, घरघर थांबली की सोडतो. धावपट्टीवर पूर्ण जोर दिला की आवाज वाढतो, मायक्रोफोन आपोआप उघडतात, कानात गोंगाट येतो, म्हणून तो बटण आणखी घट्ट करतो. मग स्वतः बोलून बघतो: ऐकू येतंय, ठीक आहे. ही चाचणी त्याच्या आवाजावर झालेली असते, आणि त्याचा आवाज सवयीचा, भरघोस, न अडखळणारा असतो. डावीकडच्या खुर्चीतली विद्यार्थिनी बिचकत, हळू, वाक्याच्या शेवटी विरत जाणाऱ्या आवाजात बोलते. तिचा आवाज तो उंबरठा ओलांडत नाही. ती बोलली आहे, ओठ हललेले आहेत, पण यंत्राच्या लेखी ती गप्पच आहे. ओलांडला तरी पहिलं अक्षर कापलं जातं, कारण यंत्राला उघडायला निमिषभर लागतो. तिलाही स्वतःचा आवाज कानात ऐकू येत नाही, म्हणून तिला वाटतं आपण बोललेलं चुकीचं असेल, राहू दे. शंका असलेला माणूस हळू बोलतो, आणि कॉकपिटमध्ये ऐकायलाच हवं असं जे असतं ते बहुतेक वेळा शंकेच्याच रूपात येतं. म्हणून स्क्वेल्च आणि व्हॉल्यूम लावताना कसोटी दोघांतल्या हळू बोलणाऱ्याच्या आवाजाची हवी, आणि ती इंजिनाचा जोर वाढवून तपासून बघायला हवी. याला खर्च नाही, नवं उपकरण नाही. एका मिनिटाची सवय आहे.

याच यंत्रावर आणखी एक खटका असतो, ज्याने अधिकार थेट हातात येतो. त्याला आयसोलेट म्हणतात. तो दाबला की वैमानिक एकटा रेडिओशी जोडलेला राहतो आणि बाकीच्यांचं बोलणं त्याच्या कानापर्यंत येत नाही. मागच्या बैठकीवर उत्साही नातेवाईक बसलेले असतील आणि चिकलठाणा विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याकडून उतरण्याच्या सूचना येत असतील, तर हा खटका दाबणं शहाणपणाचं आहे. मागच्यांना वेगळं ठेवून पुढच्या दोघांना एकत्र ठेवणारी सोयही बऱ्याच इंटरकॉममध्ये असते. शिकवताना मात्र पुढच्या दोघांत आयसोलेट लागणं म्हणजे पुन्हा एकतर्फी नळीवर जाणं. रेडिओ आणि इंटरकॉम यांच्यातला फरकही नवख्याला पक्का कळायला हवा. सुकाणूवरचं पीटीटी बटण दाबलं की शब्द बाहेर जातो, सगळ्या विमानांना आणि मनोऱ्याला. न दाबता बोललं की आतच राहतो. हे बटण अडकून बसलं तर आतलं सगळं संभाषण हवेत जातं आणि तोवर त्या फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्या कुणाला नीट बोलता येत नाही. रेडिओवर अचानक दीर्घ शांतता पसरली तर आधी आपलंच बटण तपासायचं, हा धडा पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा. विमानाचा ताबा देण्या-घेण्याचं बोलणंही याच तारेवरून चालतं: 'यू हॅव कंट्रोल', 'आय हॅव कंट्रोल', आणि पहिल्याकडून पुन्हा एकदा दुजोरा. तिन्ही वाक्यं ऐकू आली तरच ताबा बदलला असं मानायचं. एक वाक्य गाळलं गेलं तर दोघंही एकाच वेळी सुकाणू ओढत असतात, किंवा त्याहून वाईट, दोघांनीही सोडलेलं असतं आणि प्रत्येकाला वाटत असतं की दुसऱ्याने धरलं आहे.

शिकवण्यापलीकडे पाहायचं तर मराठवाड्याच्याच आकाशातलं उदाहरण आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये, पाऊस पाठ फिरवून बसला असताना, राज्य सरकारने चिकलठाणा विमानतळावरून कृत्रिम पावसाचा प्रयोग हाती घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून ढगांच्या अभ्यासासाठी विमानं वापरली आहेत, आणि २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात दोन विमानांनी असं काम झालं. या कामातली बोलण्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ढग कुठे वाढतोय हे रडारवर जमिनीवरच्या माणसाला दिसतं. तो ते रेडिओवरून सांगतो. विमान ढगाच्या पायथ्याशी न्यायचं, वर चढणारा हवेचा प्रवाह शोधायचा आणि पंखांना लावलेल्या नळकांड्या विजेच्या बटणाने पेटवायच्या. मोजमापाच्या विमानात मागे बसलेला शास्त्रज्ञ पडद्यावर ढगातल्या थेंबांचे आकार पाहत असतो. विमान एकाच्या हातात आणि ढगाची माहिती दुसऱ्याकडे, अशी विभागणी होते. मागच्याचा शब्द पुढे पोचला नाही तर विमान सुखरूप परत येईल, पण ज्यासाठी गेलं ते काम होणार नाही. आणि वैमानिकाला न दिसलेला एखादा ढग मागच्याला दिसला, तर प्रश्न सुरक्षेचाही होतो. तिथे मागच्या बैठकीचा मायक्रोफोन हा कामाचाच भाग आहे हे सगळे मान्य करतात. प्रशिक्षण विमानातल्या डावीकडच्या खुर्चीला तोच न्याय लावायला हवा, एवढंच माझं मागणं.

यावर पहिला आक्षेप जुन्या पिढीकडून येतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. इंटरकॉम नसताना हजारो वैमानिक तयार झाले. ते इंजिनाचा बदललेला सूर कानाने ओळखत, वाऱ्याच्या सळसळीवरून वेग सांगत. कान झाकून टाकले की विमानाशी असलेला हा संबंध तुटतो, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. आवाज उलट्या लहरीने खोडणारे हेडसेट अमर बोस यांच्या कल्पनेतून आले. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडहून येणाऱ्या विमानात त्यांना ती कल्पना सुचली, १९८६ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'व्हॉयेजर' विमानात दोन्ही वैमानिकांनी तसे प्रायोगिक हेडसेट वापरले आणि १९८९ मध्ये ते बाजारात आले. ते खर्ज चांगला खोडतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानेच २००७ मध्ये वैमानिकांना सावध केलं की असे हेडसेट घातल्यावर धोक्याच्या घंटा आणि विमानाचे सूचक आवाज ऐकू येतात की नाही हे आधी तपासा. तपासणं सोपं आहे: हेडसेट घालूनच जमिनीवर प्रत्येक सूचक आवाज एकदा वाजवून ऐकायचा. पण या आक्षेपाचं उत्तर इथे संपत नाही. उघड्या कानाने उडालेल्या पिढीने किती ऐकलं याची नोंद आहे. किती ऐकायचं राहिलं याची नाही. त्या पिढीतल्या अनेकांचे कान पुढे कायमचे मंद झाले, ही किंमतही हिशेबात धरावी लागते. आंतरराष्ट्रीय नियम तर स्पष्ट आहेत. मोठ्या प्रवासी विमानांच्या कॉकपिटमध्ये खालच्या उंचीवर ओठांसमोरच्या किंवा गळ्यावरच्या मायक्रोफोनमधूनच बोलायचं, असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना सांगते. युरोपात एकाहून जास्त वैमानिक लागणाऱ्या खासगी विमानालाही इंटरकॉम सक्तीचा आहे. जिथे अनुभवी माणसं बसतात तिथे ही काळजी घेतली जाते, तर जिथे एक माणूस पहिल्यांदाच आकाशात आहे तिथे ती कमी कशी पुरेल?

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. बोलणं सोपं झालं की बडबड वाढते. लक्ष विचलित होतं. याचा पुरावाही आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत शार्लट इथे उतरताना एक जेट विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं आणि ७२ जण गेले. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंतच्या गप्पा चालल्या होत्या आणि उंचीकडे लक्ष नव्हतं. त्यातून १९८१ मध्ये तिथे नियम आला की १०,००० फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं नाही. हा नियम बहुतेक वेळा 'शांत बसा' असा सांगितला जातो आणि त्यामुळे त्याचा उलटा अर्थ लागतो. त्याने गप्पा थांबवल्या आहेत; 'उंची कमी आहे' हे वाक्य थांबवलेलं नाही. उलट गप्पा नसल्या की तेच वाक्य मोकळ्या कानावर पडतं. प्रशिक्षकाने उड्डाणापूर्वी सांगायला हवं की धावपट्टीजवळ आपण कामापुरतंच बोलू, पण काही खटकलं तर माझं वाक्य तोडूनसुद्धा बोल. दुसरा भाग सांगितला नाही तर पहिला भाग विद्यार्थ्याला फक्त गप्प करतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. शब्द पोचला म्हणजे ऐकला गेला असं नाही. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून मंगळूरला आलेलं विमान धावपट्टीच्या पलीकडे दरीत कोसळलं. १६६ जणांपैकी १५८ गेले. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण चौकशीत ऐकलं गेलं. त्यात बराच वेळ मुख्य वैमानिकाचा झोपेतला श्वास आहे, आणि शेवटच्या क्षणांत सहवैमानिकाने तीनदा सांगितलेलं आहे की उतरू नका, पुन्हा वर घ्या. यंत्रही इशारे देत होतं. ऐकू न येण्याची अडचण तिथे नव्हती. मग स्क्वेल्चच्या बटणावर एवढा भर देऊन काय साधणार, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की मंगळूरला जे घडलं त्याची मुळं त्या सकाळी शोधून सापडणार नाहीत. थोरल्याला टोकणं आणि टोकलेलं मनावर घेणं या दोन्ही सवयी खूप आधी, पहिल्या २०० तासांत लागतात किंवा लागत नाहीत. ज्या विद्यार्थ्याचं बोलणं तेव्हा निम्मं कापलं गेलं, ज्याला दर वेळी 'काय? मोठ्याने बोल' असं ऐकावं लागलं, तो बोलणं कमी करतो. पुढे वीस वर्षांनी तोच डावीकडे मुख्य वैमानिक म्हणून बसतो, तेव्हा धाकट्याचं ऐकण्याचा सराव त्यालाही नसतो. निर्णय एकानेच घ्यायचा, यात वाद नाही. आणीबाणीत दोन माणसांनी मतमोजणी करायची नसते. पण ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला विमानातली सगळी माहिती मिळाली पाहिजे, आणि तिचा अर्धा भाग शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो.

ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हे जास्त लागू आहे, आणि ते सांगायला संकोच वाटू नये. आपल्या शाळांत सरांना मध्येच थांबवून 'सर, चुकतंय' म्हणण्याची रीत नाही. घरचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेला विद्यार्थी 'पुन्हा सांगा' म्हणताना दहादा विचार करतो, कारण त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे मोजले जात असतात. त्यात इंग्रजीचा धाक. रेडिओवर इंग्रजी लागतं, त्याची ठरावीक पातळी २००८ पासून आंतरराष्ट्रीय विमानसेवेत बंधनकारक आहे, आणि त्याबद्दल तक्रार नाही. ताबा देण्या-घेण्याची वाक्यंही एकाच ठरलेल्या रूपात असावीत. पण विमान अडीच हजार फुटांवर वळणात झुकलेलं असताना नाक खाली का जातंय, हे मराठी प्रशिक्षकाने मराठी विद्यार्थ्याला मराठीत समजावलं आणि त्याने शंका मराठीत विचारली, तर त्यात नियमाला बाधा येत नाही आणि शंका मनातच राहण्याचं एक कारण कमी होतं. प्रशिक्षक बाहेरच्या राज्यातला असेल तर हे जमणार नाही. तिथे किमान ठरावीक सोपी वाक्यं जमिनीवर आधी पाठ करून घ्यावीत.

रेडिओवर बोलण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र परीक्षा आणि स्वतंत्र परवाना आहे. शेजारच्या माणसाशी इंटरकॉमवर बोलण्यासाठी स्वतंत्र परीक्षा नाही. मानवी वर्तनाच्या विषयात त्याचा काही भाग येतो, तोही पुस्तकातून. एका प्रत्यक्ष कसोटीची भर घालता येईल. पहिल्या एकट्याच्या उड्डाणाआधी प्रशिक्षकाने, सुरक्षित उंचीवर आणि स्वतः पूर्ण सावध राहून, एक छोटी चूक मुद्दाम करावी: ठरलेल्या दिशेऐवजी दहा अंश भलतीकडे जावं, किंवा सांगितलेल्या उंचीपेक्षा शंभर फूट खाली उतरावं. विद्यार्थ्याने ती इंटरकॉमवर स्पष्ट शब्दांत दाखवून दिली का, किती वेळात दिली, आणि न ऐकल्यासारखं केल्यावर दुसऱ्यांदा म्हणाला का, याची नोंद ठेवावी. गप्प राहिला तर त्याला एकट्याला सोडण्याआधी पुन्हा तसंच उड्डाण घ्यावं. उतरल्यावर विचारावं की दिसलं होतं पण बोलला नाहीस, की दिसलंच नाही. की बोलला होतास आणि मला ऐकू आलं नाही. तिसरं उत्तर आलं तर स्क्वेल्चचं बटण कुठे होतं ते दोघांनी मिळून बघावं.